मूळ गावाचा रकाना

जून महिना उजाडला, की महाविद्यालयाच्या प्रवेश समितीत बसण्याची पाळी आमच्यावर येते. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक, एकाच विभागात शिकवणारे आणि गेली अठरा वर्षे एकाच घरात राहणारे. एकाने अर्ज तपासावा आणि दुसऱ्याने त्यावर शिक्का उमटवावा, अशी आमची जुनी वाटणी आहे. अर्जात नाव, जात, जन्मतारीख, मातृभाषा अशा रकान्यांच्या ओळीत 'मूळ गाव' असाही एक रकाना असतो. तो का विचारला जातो, याचे उत्तर कार्यालयातल्या कोणालाही देता आलेले नाही. तरीही वर्षानुवर्षे तो भरून घेतला जातो, आणि आम्हीही तो निमूटपणे भरून घेत आलो.

२०१७ च्या जूनमध्ये हिंगणघाटचा एक मुलगा बी. ए. भाग एकच्या प्रवेशासाठी आला. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. ते मुलाच्या मागे, हातात कागदांची पिशवी धरून उभे होते. मुलाने मूळ गावाच्या रकान्यात बालाघाट जिल्ह्यातल्या एका खेड्याचे नाव लिहिले होते, मातृभाषेच्या रकान्यात 'पोवारी' आणि ऐच्छिक विषयांत मराठी वाङ्मय. आम्ही अर्ज वाचला आणि अगदी सद्भावनेने म्हणालो, "अरे, तुमचं गाव मध्य प्रदेशात. घरी हिंदीच्या जवळचं बोलत असाल. मराठी वाङ्मय तुला जड जाईल. हिंदी का नाही घेत?" मुलाने वडिलांकडे पाहिले. वडील म्हणाले, "सर म्हंतेत तसं कर." त्याने मराठी वाङ्मयावर काट मारली आणि वर हिंदी लिहिले. आम्ही शिक्का मारला. सगळे मिळून दोन मिनिटांचे काम. त्या दिवशी आम्ही असे चाळीसेक अर्ज तपासले असतील. त्या मुलाची आठवण राहावी असे त्या वेळी काही घडले, असे आम्हाला वाटले नाही.

ती आठवण जागी झाली पुढच्या वर्षी, मुंबईत. आमच्यापैकी एकाचा उजळणी वर्ग होता आणि दुसऱ्याची सोबत. मधल्या सुट्टीच्या दिवशी आम्ही लोअर परळच्या पिरामल म्युझियम ऑफ आर्टमध्ये सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे प्रदर्शन पाहायला गेलो. 'ट्रॅव्हर्सिंग टेरेन्स' असे त्याचे नाव. 'भूप्रदेश ओलांडताना' असा त्याचा भावार्थ सांगता येईल. चित्र कसे पाहावे याचे शिक्षण आमच्या पिढीच्या मराठीच्या एम. ए.ला मिळत नसे. प्रतिमा आणि प्रतीके यांवर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो, पण भिंतीवरच्या चित्रासमोर उभे राहिलो, की प्रथम शेजारच्या पाटीवरचा मजकूर वाचतो. त्या दिवशीही तेच केले. आणि पाटीवरच्या चरित्रातल्या दोन ओळींपाशीच आम्ही थांबलो. जन्म १९२२, बाबरिया, मंडला जिल्हा. शिक्षण १९३९ ते १९४३, नागपूर स्कूल ऑफ आर्ट.

रझा म्हणजे पॅरिसचे रझा, बिंदूचे रझा, एवढेच आमच्या मनात होते. ते नागपुरात चार वर्षे शिकले, हे कधी वाचले असले तरी विसरलो होतो. विदर्भातल्या कलेविषयी बोलताना आमच्या तोंडी वासुदेव गायतोंडे यांचा नागपुरातला जन्म येतो. १९४७ साली मुंबईत स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमधले हरी अंबादास गाडे आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, हेही अभिमानाने सांगितले जाते. त्याच ग्रुपचे संस्थापक असलेले रझा मात्र या यादीत येत नाहीत. ते 'मध्य प्रदेशचे'.

पण १९३९ साली मंडल्याच्या मुलाने नागपूरला येणे हे प्रांत ओलांडणे नव्हते. मध्य प्रांत आणि वऱ्हाड या एकाच प्रांताचे मंडला आणि वर्धा हे दोन जिल्हे होते, नागपूर ही त्याची राजधानी होती आणि हिंदी व मराठी अशा दोन भाषांत त्याचा कारभार चाले. जंगल खात्यात नोकरी करणाऱ्या सय्यद मोहम्मद रझी यांचा मुलगा आपल्याच राजधानीत शिकायला आला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नर्मदेकाठचे मंडला मध्य प्रदेशात राहिले. रझा तोवर फ्रान्सला पोहोचून सहा वर्षे झाली होती. ज्या प्रांतातून ते निघाले, तो प्रांत त्यांच्या पाठीमागे नकाशावरून पुसला गेला. त्यांचे 'मूळ गाव' जागेवर राहिले. फक्त आमच्यासाठी ते परके झाले.

हे वाचताना आम्हाला आमच्या घरातली पत्र्याची पेटी आठवली. आमचे आजोबा, म्हणजे खरे तर आमच्यापैकी एकाचे, मध्य प्रांताच्या जंगल खात्यात कारकून होते. त्यांचे थोरले बंधू महसुलात, सिवनीला. १९५६ साली दोन राज्यांत कर्मचाऱ्यांची वाटणी झाली, तेव्हा धाकट्याच्या वाट्याला मुंबई राज्य आले आणि तो वर्ध्याला आला. थोरला सिवनीलाच राहिला. दोघेही आपापल्या जागी निवृत्त झाले आणि आपापल्या जागी वारले. मधल्या काळात पोस्टकार्डे येत-जात राहिली. सिवनीहून आलेली कार्डे आजोबांनी त्या पेटीत तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत.

ती कार्डे आम्ही एकदा क्रमाने वाचली होती. पहिली स्वच्छ मराठीत आहेत: 'तीर्थस्वरूप' आणि 'चिरंजीव' यांच्या मायन्यांसह. मग मधूनच 'तबीयत' येते, 'तबादला' येतो, 'बिटियाचे लग्न' येते. क्रियापदे मराठी राहतात, नामे हिंदी होत जातात. पुढे क्रियापदेही बदलतात. थोरल्या आजोबांच्या मुलांची कार्डे तर निखळ हिंदीत आहेत. लिपी सगळीकडे देवनागरीच. त्यामुळे डोळ्यांना काही बदलले असे वाटतच नाही. नेमक्या कोणत्या कार्डापाशी आमचे घराणे दोन भाषांचे झाले, हे शोधून काढण्याचा आम्ही प्रयत्न केला, आणि भाषेचे अध्यापक असूनही ते आम्हाला सापडले नाही.

रझांच्या घराची फाळणी याहून फार वेगळी होती. १९४७ साली त्यांची आई गेली, १९४८ साली मंडल्यात वडील गेले, आणि बहुतेक भावंडे पाकिस्तानात निघून गेली. त्यांच्यातला धाकटा भाऊ अली इमाम, जन्म १९२४. त्यांचेही कलाशिक्षण नागपूरच्याच स्कूल ऑफ आर्टमध्ये सुरू झाले होते. पुढे ते पाकिस्तानच्या आधुनिक चित्रकलेतले एक मोठे नाव ठरले. १९७१ साली त्यांनी कराचीत इंडस गॅलरी सुरू केली आणि २००२ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्या देशाच्या दोन पिढ्यांच्या चित्रकारांना तिचा आधार वाटत राहिला. नागपूरच्या एकाच कलाशाळेतून निघालेले दोन सख्खे भाऊ दोन देशांच्या कलेतिहासात स्वतंत्र प्रकरणे होऊन बसले आहेत. एका इतिहासात दुसऱ्याचा उल्लेख येतो तो 'अमुक यांचा भाऊ' एवढाच. आमच्या सिवनीच्या पोस्टकार्डांची बरोबरी या घटनेशी करणे उद्धटपणाचे होईल. इकडे रक्त सांडले नव्हते, पारपत्र लागत नव्हते, कोणी मनात आणले असते तर रात्रीची एस. टी. पकडून सकाळी भावाच्या दारात उभे राहता आले असते. तरी आम्ही गेलो नाही. एवढे जवळ असूनही माणसे दुरावू शकतात, हे आम्हाला रझांच्या घराच्या गोष्टीने प्रथम बोचले.

चित्रांविषयी आता थोडे. प्रदर्शनात आम्ही पाहत गेलो ती आरंभीची जलरंगातली निसर्गचित्रे, मग फ्रान्समधल्या गावांची आणि घरांची चित्रे, मग हळूहळू घरे विरघळून केवळ रंग उरलेली चित्रे, आणि अखेरीस भूमितीच्या आकृत्या. त्या आकृत्यांच्या केंद्राशी काळा बिंदू. या बिंदूची हकीकत रझांनी अनेकदा सांगितली आहे. ककैया गावच्या प्राथमिक शाळेत लक्ष न लागणाऱ्या या मुलाला गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याकडे पाहत बसायला सांगितले. फ्रान्समध्ये तीस वर्षे काढल्यावर, चित्रकार म्हणून मान्यता मिळाल्यावर, त्या माणसाला आपल्या चित्रात काहीतरी उणे असल्याचे जाणवू लागले. आणि मग शाळेच्या भिंतीवरचा तो ठिपका परत आला. पुढे रझा त्याला बीज म्हणू लागले. 'जर्मिनेशन', म्हणजे अंकुरणे, हे नाव त्यांनी आपल्या अनेक चित्रांना दिले.

आम्ही परतीच्या सेवाग्राम एक्स्प्रेसमध्ये याच शब्दावर बोलत बसलो. आपल्या अर्जात विचारले जाते ते 'मूळ'. मूळ जमिनीत असते आणि जागा सोडली की ते तुटते. म्हणून ज्याने गाव सोडले तो आपल्या भाषेत 'निर्मूल' होतो, 'देशोधडीला' लागतो, 'परागंदा' होतो, 'उपरा' ठरतो. 'उपरा' या शब्दात केवढी वेदना साठलेली आहे, हे लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनाने मराठी वाचकाला कायमचे शिकवले. बीज मात्र मुळापासून वेगळे असते. ते वाऱ्याने जाते, पाखराच्या पोटातून जाते, माणसाच्या पदरातून जाते, आणि जिथे पडेल तिथे त्याला नवे मूळ फुटते. रझा मूळ चितारत नव्हते, बीज चितारत होते. म्हणून त्यांना गोर्बिओसारख्या फ्रेंच खेड्यात बसून नर्मदेचे चित्र काढता आले, असे आमच्यापैकी एकाचे म्हणणे होते.

दुसरीला ते पटले नाही. तिचे म्हणणे असे, की बीजाची ही उपमा ऐकायला गोड आहे, पण ती सुखवस्तू माणसाची उपमा आहे. रझा १९५० साली फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर गेले. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी करणारा माणूस बालाघाटहून आला तो शिष्यवृत्तीवर नव्हे. त्याला कोणी बीज म्हणत नाही, 'बाहेरचा' म्हणतात. आणि बायकांचे काय? आपल्याकडची प्रत्येक लग्न झालेली बाई एक गाव सोडून दुसऱ्या गावी जाते. नाव बदलते, घर बदलते, कधी बोलीही बदलते. या स्थलांतराला आपण 'माहेर' आणि 'सासर' असे दोन गोड शब्द दिले आणि प्रश्न संपवून टाकला. जात्यावरच्या ओव्या म्हणजे मराठीतले स्थलांतराचे पहिले वाङ्मय, आणि आपण ते लोकसाहित्याच्या पेपरात शिकवतो. "माझं मूळ गाव कोणतं?" तिने गाडीतच विचारले. "माहेरचं? तुमचं वर्धा? का तुमच्या आजोबांचं सिवनी? अठरा वर्षांत एकाही अर्जात मला हे नीट विचारलेलं नाही." याला उत्तर नव्हते. गाडी भुसावळला थांबली होती, आम्ही चहा घेतला.

रझांचे एक चित्र आहे, १९८१ सालचे, 'माँ' या नावाचे. आम्ही ते छापील रूपातच पाहिले आहे. त्यात काळा बिंदू आहे, मातीचे आणि आगीचे रंग आहेत, आणि कॅनव्हासवरच देवनागरीत लिहिलेली, अशोक वाजपेयी यांच्या हिंदी कवितेतली एक ओळ आहे. परत येईन तेव्हा तुझ्यासाठी काय घेऊन येऊ, असे आईला विचारणारी. आईला जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. आमच्या मते हे चित्र ज्यांना वाचता येते त्यांच्यासाठी एक आहे आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दुसरे. २०२३ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात रझांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. देवनागरी न येणाऱ्या तिथल्या प्रेक्षकाला रझांची अक्षरे आकृती म्हणूनच दिसली असणार. आम्हाला ती ओळ वाचता येते. हिंदी असूनही ती परकी वाटत नाही, कारण अक्षरे आपलीच आहेत. आणि तरीही २०१७ साली त्या मुलाला आम्ही सांगितले होते, की तुझी भाषा हिंदीच्या जवळची, तू पलीकडचा. पेटीतल्या कार्डांपैकी अर्धी कार्डे आमच्याच घरातल्या माणसांनी त्या 'पलीकडच्या' भाषेत लिहिलेली असताना!

वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला हे सुचायला मुंबईपर्यंत जावे लागले, याची लाज वाटते. या गावाचे आधुनिक चरित्रच मुळी बाहेरून आलेल्यांनी घडवलेले आहे. जमनालाल बजाज राजस्थानातल्या सीकरजवळून दत्तक येऊन इथले झाले, विनोबा कोकणातल्या गागोद्याहून आले, मगनवाडीचे कुमारप्पा तमिळ मुलुखातून आणि सेवाग्रामच्या नई तालीमचे आर्यनायकम सिलोनहून. यांच्यापैकी कोणाला आपण मूळ गाव विचारत नाही. आणि वर्ध्याहून निघालेल्या एका वाटेचे दुसरे टोक रझांपर्यंत जाते. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी गांधीजींनी आपली हरिजन यात्रा वर्ध्याहून सुरू केली. डिसेंबरमध्ये ती मंडल्याला पोहोचली. लहानपणी मंडल्यात पाहिलेले गांधी रझांच्या मनातून कधी गेले नाहीत. भावंडे निघून गेली तेव्हा आपण भारतातच राहिलो याचे एक कारण गांधी, असे त्यांनी सांगितले आहे. नव्वदी ओलांडल्यावर, २०१३ साली, त्यांनी गांधीजींना उद्देशून एक चित्रमालिका केली. 'सत्य', 'शांती', 'स्वधर्म', 'पीड पराई', 'हे राम' अशी त्यातल्या चित्रांची नावे. 'माँ'मध्ये ज्यांच्या कवितेची ओळ आहे, ते वाजपेयी पुढे आमच्याच गावातल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे पहिले कुलगुरू झाले. या साऱ्याचा अर्थ एवढाच, की रझांचे राहणे हा आपोआप घडलेला प्रकार नव्हता. माणूस एका जागचा असतो तो केवळ तिथे जन्मला म्हणून नव्हे. कधी कधी तो तिथला व्हायचे ठरवतो, आणि त्याची किंमत मोजतो.

पण इथेही आम्हाला थांबावे लागते. आमचा बीजाचा सिद्धांत रझांनीच अखेरीस अपुरा ठरवला. साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून ते दिल्लीला परतले, २३ जुलै २०१६ रोजी तिथे वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी झाले. ज्याने आयुष्यभर बीज चितारले, त्याला शेवटी मुळाशीच जावेसे वाटले.

२०२३ च्या हिवाळ्यात सिवनीची काकू गेली. काकू म्हणजे थोरल्या आजोबांची सून. आम्ही तेराव्याला गेलो. वीस वर्षांत प्रथमच. घरात सगळे हिंदी बोलत होते. आम्ही दारात उभे राहताच एका वृद्ध चुलत्यांनी "आओ बेटा, महाराष्ट्रवाले आ गये" असे म्हटले. त्यांच्या स्वरात आपुलकीच होती, पण 'महाराष्ट्रवाले' हा शब्द आम्हाला नेमका त्या जागी लागला, जिथे सहा वर्षांपूर्वी आम्ही एका मुलाला लावला होता. संध्याकाळी देवघरात दिवा लावताना घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीने हात जोडले आणि 'शुभं करोति' म्हटले, आमच्याकडे म्हणतात अगदी त्याच चालीवर. तिला पुढे मराठीचे एक वाक्य येत नव्हते. "दादीने सिखाया," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मंडल्याला गेलो. बाप आणि लेक शेजारी शेजारी आहेत, एवढे पाहिले. आणखी तिथे पाहण्यासारखे काही शोधावे असे वाटले नाही. नर्मदेवर थोडा वेळ बसलो आणि परतलो.

प्रवेशअर्जातला रकाना आम्हाला काढून टाकता आलेला नाही. समितीच्या बैठकीत आम्ही तसे सुचवले; नमुना ठरलेला आहे, असे उत्तर मिळाले, आणि ते खरेही होते. आम्ही एवढेच करतो, की विद्यार्थ्याला "घरी काय बोलता?" असे विचारतो आणि आमच्या वहीत लिहून ठेवतो. पोवारी, भोयरी, गोंडी, कोलामी, छत्तीसगढी, सिंधी, तेलुगू. त्या वहीमुळे काही बदलले असा आमचा दावा नाही. हिंगणघाटच्या त्या मुलाने हिंदी घेऊन पदवी पूर्ण केली, एवढे कळले. त्याला मराठी वाङ्मय खरेच जड गेले असते का, हे आता कधीच कळणार नाही.

गेल्या जूनमध्ये त्याची धाकटी बहीण प्रवेशाला आली. आडनावावरून आणि पत्त्यावरून आम्ही ओळखले. तिने आम्हाला ओळखले की नाही, ठाऊक नाही. अर्ज तिने घरूनच भरून आणला होता. मातृभाषा पोवारी. ऐच्छिक विषय मराठी वाङ्मय. मूळ गावाच्या रकान्यात आधी बालाघाटचे काहीतरी लिहून खोडले होते आणि त्यावर स्वच्छ अक्षरात लिहिले होते: हिंगणघाट.

"खोडलं आहे, चालेल ना मॅडम?" तिने विचारले.

चालेल, आम्ही म्हणालो, आणि शिक्का मारला.